झिजलेल्या गादीविषयी

चि. श्रीधर,

तुझे पत्र व एमआरआय अहवालाची नक्कल पोचली. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी झिजली आहे, या एका वाक्यावरून तू शस्त्रक्रियेची तारीख मुक्रर करावयास निघालास, हे वाचून मला तुझ्या कमरेपेक्षा तुझ्या घाईचीच चिंता अधिक वाटली. कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ९८ माणसांचे असेच चित्रण अमेरिकेत करून त्याचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सर्व गाद्या निर्दोष असलेली माणसे अवघी ३६ टक्के निघाली. उरलेल्यांच्या हाती असा दाखला पडता तर त्यांतील किती जण अंथरूण धरून बसले असते, कोण जाणे.

तुझी व्यथा कमरेतच राहते, पायात उतरत नाही, असे तू लिहितोस. उपचाराची सारी मसलत या तपशिलावर अवलंबून आहे. गादीतील गर बाहेर सरकून शीर दाबली गेली, तरी तो पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप जिरतो, आणि न जिरल्यास तो काढून टाकणारी शस्त्रक्रिया पायातील कळ लवकर शमविते. परंतु नॉर्वेतील १९८३ च्या अभ्यासात पहिल्या वर्षी सरस ठरलेल्या शस्त्रक्रियेचे आधिक्य चार वर्षांनी फारसे उरले नव्हते. केवळ कंबरदुखीसाठी मणके सांधण्याचा मार्ग तर याहून शंकास्पद होय, कारण नेटाने केलेल्या व्यायामापेक्षा त्याचा फार मोठा लाभ चाचण्यांत दिसलेला नाही, आणि शेजारच्या गाद्यांवर भार वाढतो तो निराळाच. कृत्रिम गादी निवडक रोग्यांपुरतीच. (पपईच्या चिकातील द्रव्य टोचून गादी विरघळविण्याची टूमही एके काळी निघाली होती, ती मागे पडली.)

वहिनींनी तुला महिनाभर फळीवर निजण्याचा हुकूम फर्मावला आहे म्हणे. दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच गुणकारी ठरल्याचे १९८६ सालीच दिसून आले आहे, हे त्यांना नम्रपणे सांग. तूर्त चालणे सोडू नकोस, फिजिओथेरपिस्टकडून पोटाचे व पाठीचे व्यायाम शिकून घे, वेदनाशामक गोळ्या डॉक्टर सांगतील तितक्याच मुदतीपुरत्या घे. प्रौढ वयात या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, लगतच्या मणक्यांतून झिरपेल त्यावर ती जगते. तेव्हा हा तुटपुंजा पुरवठाही घटविणाऱ्या सिगारेटीविषयीचे माझे बोलणे या खेपेस तरी मनावर घे.

मात्र लघवी अडली, जांघेचा व बैठकीचा भाग बधिर झाला किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर माझ्या पत्राची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळ गाठ.

तुझा,
काका