खरा सल्लागार ओळखायचा कसा?

दारव्ह्यात दुकान टाकलं तेव्हा एकाने काहीही न विचारता सांगितलं, "जीएसटी नंबर घ्यावाच लागेल." मी त्याला पैसे दिले.

नंतर एका सीएंनी आधी तीन प्रश्न विचारले. माल विकता की सेवा? वर्षाची उलाढाल किती? राज्याबाहेर विकता का? फक्त माल आणि तोही राज्यातच विकत असाल, तर साधारणपणे 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. माझी उलाढाल त्याच्या निम्मीही नव्हती. शिवाय नोंदणीची सरकारी फी शून्य!

लक्षात ठेवा:
1. खरा जाणकार उत्तराआधी प्रश्न विचारतो.
2. सीएच्या प्रमाणपत्रावरचा 18 अंक-अक्षरांचा यूडीआयएन ऑनलाइन तपासा.
3. "हे माझं काम नाही," असं जो म्हणतो, त्याचा नंबर जपून ठेवा.