महानाट्याचा प्रेक्षक आणि समीक्षक : ‘जाणता राजा’च्या स्वीकाराचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

बाबासाहेब पुरंदरे (१९२२-२०२१) यांनी लिहिलेले व दिग्दर्शित केलेले ‘जाणता राजा’ १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. खुल्या मैदानावरील अनेक मजली रंगमंच, शेकडो कलावंत, हत्ती-घोडे, पोवाडा, गोंधळ, लावणी आणि दांडपट्टा-तलवारीच्या लढती अशा पसाऱ्यातून शिवचरित्र सांगणाऱ्या या प्रयोगामुळे ‘महानाट्य’ हा शब्द मराठीत रूढ झाला. पुढील दशकांत त्याचे प्रयोग हजारावर झाले. हिंदीतूनही ते २०१८ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावर व २०२३ मध्ये वाराणसीत सादर झाले. एवढा दीर्घ लोकाश्रय फार थोड्या मराठी प्रयोगांना लाभला आहे.

असे असूनही या प्रयोगाची नाट्यसमीक्षा मात्र तुटपुंजी आहे. प्रेक्षकांनी जयजयकार केला, इतिहासाच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले आणि नाट्यसमीक्षक बहुतांशी बाजूला राहिले. प्रेक्षक, इतिहासचिकित्सक व नाट्यसमीक्षक या तिघांनी एकाच प्रयोगाला लावलेली मापे भिन्न का होती, आणि या प्रयोगाचा कणा असलेली युद्धकला व संगीत यांची जोडी तिन्ही मापांतून कशी निसटली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. पूर्वपरंपरा : ‘तागडथोम’चा वारसा

रंगमंचावरील शस्त्रयुद्धाविषयीची समीक्षेची नाराजी मराठी रंगभूमीइतकीच जुनी आहे. १८४३ मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत आरडाओरडा करीत, तलवारी परजीत येणारा राक्षस हे मोठे आकर्षण ठरले. सुशिक्षित वर्गाने या नाटकांना ‘तागडथोम’ म्हणून हिणवले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘शाकुंतल’ आले आणि संगीत नाटकाला प्रतिष्ठा मिळाली. तथापि ती प्रतिष्ठा पदाला, रागाला, गायक नटाला मिळाली. शरीराच्या लयीला तीत फारसे स्थान उरले नाही. गाणारा नट श्रेष्ठ व पट्टा फिरवणारा ‘पार्टी’तला, ही उतरंड येथून पक्की होत गेली.

वास्तविक भारतीय नाट्यविचारात या विषयाची परिभाषा उपलब्ध आहे. नाट्यशास्त्र अंकात युद्ध प्रत्यक्ष दाखविण्याबाबत संयम सांगते. परंतु रंगभूमीवर शस्त्र कसे चालवावे यासाठी भारत, सात्वत, वार्षगण्य आणि कैशिक असे चार ‘न्याय’ही देते. प्रहार खरा होऊ नये, तो आविर्भावातून कळावा, अंगहार शुद्ध असावेत, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे शस्त्रगती हा अभिनयाचाच भाग मानलेला आहे. आधुनिक मराठी समीक्षेने या परिभाषेचा उपयोग क्वचितच केला.

३. प्रेक्षकाचा प्रतिसाद

नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशाचे दोन प्रकार आहेत. हर्षोद्गार, रोमांच, आसनावरून उठणे यांतून व्यक्त होणारी ती मानुषी सिद्धी. आणि भरल्या प्रेक्षागृहातील निःशब्द तन्मयता ती दैवी सिद्धी. ‘जाणता राजा’ला लाभलेली सिद्धी प्रामुख्याने मानुषी आहे. भवानीच्या आरतीने प्रयोगाला प्रारंभ होतो तेव्हाच प्रेक्षक हा नुसता पाहणारा न राहता उत्सवात सामील झालेला भाविक बनतो. कथेचा शेवट त्याला आधीच ठाऊक असतो. अफजलखानाचे काय होणार ही त्याची उत्सुकता नसते. ते आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घडावे ही त्याची अपेक्षा असते.

ही अपेक्षा कोठून येते हे शहराबाहेर अधिक स्पष्टपणे दिसते. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारखे गाव घेतले, तर एवढ्या पसाऱ्याचा प्रयोग तेथे उभा राहणे कठीण. प्रेक्षकालाच मोठ्या शहराचे मैदान गाठावे लागणार. मात्र त्या भागातील प्रेक्षक कोऱ्या मनाने येत नाही. दंडार, भारूड, गोंधळ आणि कीर्तन यांच्या वऱ्हाडातील परंपरा त्याच्या मागे असतात. आखाड्याची परंपराही तशीच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. लाठी, लेझीम आणि मल्लखांब ज्या प्रदेशात अशा रीतीने जोपासले गेले, तेथील प्रेक्षक शस्त्राचा हात पाहतो तो जाणकार म्हणून. या जाणकारीची दखल नाट्यसमीक्षेने घेतली नाही. ‘भोळाभाबडा प्रेक्षकवर्ग’ या एका शब्दप्रयोगात तिचा निकाल लावणे अन्यायाचे ठरेल.

४. इतिहासचिकित्सकांचे आक्षेप

दुसरे माप इतिहासाचे. पुरंदरे यांच्या एकूण शिवचरित्रलेखनावर जे आक्षेप घेतले गेले तेच या प्रयोगालाही लागू करण्यात आले. नाटकाचे शीर्षक समर्थ रामदासांच्या शिवस्तुतीतील आहे. रामदास आणि दादोजी कोंडदेव यांना मिळणारे स्थान, कुणबी-मावळ्यांच्या सामाजिक वास्तवापेक्षा धर्मरक्षणावर पडणारा भर, हे वादाचे मुद्दे होते. महात्मा फुले यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवाजी महाराजांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले होते. गोविंद पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ (१९८८) या पुस्तिकेने तीच दिशा पुढे नेली. पुण्याच्या लाल महालातील दादोजींचा पुतळा २०१० मध्ये हटविण्यात आला आणि २०१५ मध्ये पुरंदरे यांना ‘महाराष्ट्र भूषण’ जाहीर झाल्यावर हा वाद शिगेला पोचला.

हे आक्षेप गंभीर आहेत. तथापि ते ग्रंथालाही तसेच लागू पडतात. प्रयोग म्हणून ‘जाणता राजा’ काय करतो, हा प्रश्न त्यात उरतोच. येथे ‘घाशीराम कोतवाल’चे (१९७२) उदाहरण उद्बोधक ठरेल. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून त्यावरही वादळ उठले. पण जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यदिग्दर्शन आणि माणसांची भिंत यांवरही तेवढीच चर्चा झाली. तेथे इतिहासाचा वाद व प्रयोगाची समीक्षा समांतर चालली. ‘जाणता राजा’च्या वाट्याला केवळ वाद आला.

५. ध्वनिफितीचा प्रश्न

या प्रयोगातील संवाद व गीते पूर्वमुद्रित असतात. कलावंत त्यांवर आविर्भाव करतात. या एका तांत्रिक निर्णयात तिन्ही मापे एकत्र येतात, म्हणून त्याचा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे.

दांडपट्ट्याची मूठ हातावर चढवलेल्या लोखंडी खोबळ्यात असते. मनगट बांधले गेल्याने वाराची ताकद कोपर व खांद्यातून येते आणि पाते वर्तुळात फिरते. मर्दानी खेळात या वर्तुळाला हलगीची साथ असते, आणि वादक खेळाडूच्या हाताकडे पाहून वाजवतो. खेळाडूचा दम वाढला की ठेका चढतो; प्रेक्षकांनी आरोळी दिली की आवर्तन लांबते. शाहिराचेही तसेच. समोरचा समाज पाहून तो चौक वाढवतो, वगळतो, नवा घालतो. युद्धकला आणि पोवाडा या दोहोंत प्रेक्षकाचा प्रतिसाद प्रयोगाच्या घडणीत परत येतो.

ध्वनिफितीत हा क्रम उलटतो. तेथे हाताने ठेक्याच्या मागे जावयाचे असते. टाळ्या कितीही वाजल्या तरी पुढचे वाक्य ठरल्या क्षणीच येणार. अर्थात या निर्णयामागे व्यावहारिक कारणे होती. मैदानावर शेकडो कलावंतांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचविणे १९८५ मध्ये जवळजवळ अशक्य होते. शिवाय बोलावयाचे नसल्याने ठिकठिकाणच्या हौशी स्त्री-पुरुषांना अल्पावधीत तयार करून प्रयोगात घेता आले. आपल्याच गावची मुले मावळे झालेली पाहणे हा प्रेक्षकाच्या आनंदाचा मोठा भाग होता. एका अर्थी ध्वनिफितीनेच या प्रयोगाला लोकसहभाग मिळवून दिला.

मात्र त्याची किंमतही मोजावी लागली. शरीर सहभागी झाले, वाणी झाली नाही. इतिहासाविषयी नवे संशोधन आले, आक्षेप आले, समाजाची दृष्टी बदलली. शाहिराने कदाचित चौक बदलला असता, पण मुद्रित संहिता जागची हलणे कठीण. म्हणूनच इतिहासचिकित्सकांचा आक्षेप आणि प्रयोगाचे तंत्र यांचा संबंध केवळ योगायोगाचा नाही. कथन वादास मोकळे नाही, ही तक्रार रंगतंत्रातही तितकीच खरी आहे.

२०१२ मध्ये आलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ने याला जणू प्रायोगिक उत्तर दिले. राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन, संभाजी भगत यांची संकल्पना व संगीत आणि जालना जिल्ह्यातील शेतकरी-कलावंत अशा या नाटकात हत्ती-घोडे नाहीत. शाहिरांचे जिवंत सवाल-जवाब आहेत. शिवाजी कोणाचा, हा वाद तेथे रंगमंचावरच पोवाड्यातून मांडला जातो. या नाटकालाही मोठा प्रेक्षक लाभला, आणि समीक्षेनेही त्याचे स्वागत केले.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की ‘जाणता राजा’च्या प्रेक्षकाला भव्यतेने भुललेला समुदाय मानणे जितके अपुरे, तितकेच या लोकप्रियतेला प्रयोगाच्या गुणवत्तेचा पुरावा मानणेही अपुरे आहे. प्रेक्षकाने आपल्या परंपरेतून आणलेली जाणकारी खरी होती. तिला प्रयोगाशी संवाद करण्याची वाट मात्र अरुंद होती. महानाट्याच्या समीक्षेने यापुढे हत्ती-घोड्यांची गणती आणि संहितेतील इतिहासाची तपासणी यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : हलगी हाताच्या मागे जाते की हात हलगीच्या? या प्रश्नाच्या उत्तरात त्या प्रयोगाचे प्रेक्षकाशी असलेले नाते दडलेले असते.