‘ओ’ दिसतं, पण ‘ओ’ नसतं!

हॉस्टेलच्या रक्तदान शिबिरात माझा गट ‘ओ’ निघाला. पण तसं दिसणारं प्रत्येक रक्त ‘ओ’ नसतं! १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत ‘बॉम्बे’ गट नोंदवला. त्यात रक्तपेशींवर एच घटकच नसतो. अशा रुग्णाला ‘ओ’ रक्तही जीवघेणं ठरतं.

याचं मूळ १९ व्या गुणसूत्रावर आहे. फ्युट-१ आणि फ्युट-२ ही सारखी दिसणारी जनुक-भावंडं तिथे साधारण ३५ हजार अक्षरांच्या अंतरावर असतात. त्यांना वेगळं कसं ओळखायचं? डीएनए विकरांनी कापून जेलमध्ये ठेवायचा आणि वीज सोडायची. तुकडे धन ध्रुवाकडे पळतात. लहान पुढे, मोठे मागे. मग खुणेचा प्रोब लावला की जनुकाचा पट्टा दिसतो. भारतीय बॉम्बे गटात फ्युट-२ चा मोठा तुकडाच गायब असल्याचं १९९७ मध्ये कळलं. फ्युट-१ मधला एका अक्षराचा बदल मात्र क्रम वाचून सापडतो.

फार मोठे तुकडे साध्या जेलमध्ये एकत्रच सरकतात. १९८४ मध्ये श्वार्ट्झ आणि कँटर यांनी विजेची दिशा आलटून-पालटून बदलली. अप्पा बळवंत चौकात रिक्षा पटकन वळते, बसला वेळ लागतो. तसंच इथे होतं. त्यामुळे मोठ्या जनुक-कुटुंबांचेही नकाशे काढता आले.

तेव्हा रक्त देताना-घेताना कितीही घाई असो, क्रॉसमॅच टाळायची नाही!