संगणकातील भिंत आणि विटांचा हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की काही पालक आमच्याकडे येतात. मुलाला नकाशे काढायची आवड आहे, नागपूरला संगणकाचा एखादा कोर्स लावून द्यावा काय, असे विचारतात. फी ऐकून ते स्वतःच घाबरलेले असतात. म्हणून हा विषय आधी समजून घेऊ.

ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर १९८२ साली आले. त्यामुळे कागदावरचा नकाशा पडद्यावर आला, पण त्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघाच राहिल्या. पुढची पद्धत म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात बिम. रेविट हे त्यातले नावाजलेले सॉफ्टवेअर. यातील भिंतीला लांबी, उंची, जाडी व साहित्य असते. एक दरवाजा सरकवला की सर्व बाजूंची चित्रे आणि मोजमापाचे तक्ते आपोआप बदलतात. नागपूर मेट्रोच्या कामात हीच पद्धत वापरली गेली. तेथे आकाराला वेळ आणि खर्चाचा हिशेबही जोडला होता.

आता एक गणित. भिंत ३ मीटर लांब, ३ मीटर उंच, २० सेंटिमीटर जाड. घनफळ १.८ घनमीटर. प्रमाणित वीट मसाल्यासह २० × १० × १० सेंटिमीटर धरली तर एका घनमीटरला ५०० विटा, म्हणजे ९०० विटा लागतील. त्यात १ × २ मीटरचा दरवाजा ठेवला तर २०० विटा कमी, उरल्या ७००. हे संगणक क्षणात सांगतो. पण जाडी चुकून २ मीटर टाकली तर तो तेवढ्याच शांतपणे ७००० विटा सांगेल! ज्याने गवंड्याला भिंत उभारताना पाहिले आहे, तोच ही चूक पकडेल.

विकसनशील देशांतील विद्यापीठांपुढे खरी अडचण हीच आहे, असे आम्हाला वाटते. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या बांधकामांना २०१६ पासून बिम आवश्यक झाले, म्हणजे कामाची मागणी आणि शिक्षण सोबत चालले. आपल्याकडे पुष्कळदा सॉफ्टवेअर एक वेगळा विषय म्हणून शिकवले जाते आणि बांधकाम दुसऱ्या वर्गात. मग मुलाला बटणे येतात, इमारत येत नाही.

पालकहो, घाई करू नका. बारावीला गणित व भौतिकशास्त्र असेल तर पाच वर्षांची बी.आर्क. आहे, नागपूरचे व्हीएनआयटी आणि भोपाळच्या संस्था आहेत. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेडही वाईट नाही. रेविट शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी मोफत मिळते, आणि फ्रीकॅड तर सर्वांनाच मोफत आहे.

नववी-दहावीच्या मुलांनी या सुट्टीत घरातील एक खोली टेपने मोजावी. भिंतीची जाडी दरवाज्यापाशी मोजता येते. १ मीटरला २ सेंटिमीटर या प्रमाणात नकाशा काढून, विटांच्या हिशेबासह शाळेत आणावा.