धानाच्या बांधीतून बागेत

(तिरोडीचे मामाजी पुण्याला जाऊन आले. भाची बागांची रचना शिकलेली, सुट्टीत घरी आलेली.)

मामाजी : सिंहगड रस्त्याची ती पुलंच्या नावाची बाग पाहिली. जपानी म्हणतात, अन् एक कारंजं नाही!

भाची : तीच तर ओळख, मामाजी. जुन्या जपानी बागेत पाणी उडवत नाहीत, उताराने वाहू देतात. कानाझावाच्या केनरोकुएनमध्ये एक जुनं कारंजं आहे, पण तेही वरच्या तळ्याच्या दाबावर चालतं. पुण्याची बाग बेतली ओकायामाच्या कोराकुएनवरून. इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 ला काम काढलं, 1700 ला पुरं झालं. तिथल्या एका मंडपात ओहोळ थेट घराच्या मधून वाहतो. धानाची बांधीही आहे.

मामाजी : सरदाराच्या बागेत धान? मग रानडुकरं?

भाची : त्यांच्यासाठी शिशिओदोशी. बांबूचं कांडं आडव्या आसावर तोललेलं, एक तोंड तिरकं कापलेलं. त्यात धार पडते. भरलं की तोंड झुकतं, पाणी सांडतं, हलकं झालेलं कांडं उलटं येऊन मागच्या टोकाने दगडावर आपटतं. टक्क! मूळ शेतातली युक्ती. क्योटोच्या शिसेन-दो बागेत आजही ऐकू येते.

मामाजी : बांबू बालाघाटात हवा तेवढा. पण डुकरं आवाजाला सरावतात.

भाची : सरावू देत. बागेत ती आवाजासाठीच ठेवतात. पण मला खरी आवडते ती सुइकिनकुत्सु. चहाघराबाहेर हात धुवायची ठेंगणी दगडी कुंडी असते, उकिडवं बसूनच धुवावं लागतं. सांडपाण्याचा चिखल नको म्हणून खाली माठ पुरतात, उपडा, बुडाला भोक पाडून. वर गोटे. थेंब भोकातून आत साचलेल्या पाण्यात पडतो अन् माठ घुमतो.

मामाजी : मागच्या अंगणात रांजण पडला आहे, चिरलेला.

भाची : चिरलेला नाही चालायचा, नाद मरतो. खणखणीत हवा. खाली पाणी साचायला पक्कं तळ, जास्तीचं जायला नळी.

मामाजी : उन्हाळ्यात इथे बोडी आटते. पाणी किती लागेल?

भाची : हात धुण्यापुरतं. तेही नसेल तर क्योटोच्या रिओआन-जीसारखी रेव पसरा. 15 दगड, पाण्याचा टिपूस नाही.

मामाजी : खाणीच्या गावात दगडांचं काय कौतुक! माठाचंच सांग. भोक कशाने पाडू?

भाची : छिन्नी-हातोडा नको, माठ जाईल. काच कापायचं टोक ड्रिलला लावा, पाणी सोडत हळूहळू.