तिथे गरम होतं

"आई, मला काकूंकडे नको ठेवूस. तिथे गरम होतं." आठ वर्षांचा माझा मुलगा दोन-तीन आठवडे हेच सांगत होता. मी काय केलं, तर स्टेशनजवळून टेबलफॅन घेतला आणि शेजारच्या काकूंना नेऊन दिला.

नालासोपारा पूर्वेला आमच्यासारखी किती तरी घरं आहेत. नवरा-बायको दोघंही सकाळच्या लोकलने अंधेरी, चर्चगेट गाठतात, परतेपर्यंत रात्रीचे साडेआठ. मूल शाळेतून आलं की शेजारी. काकूंनी त्याला चार वर्षं पोटच्यासारखं जेवू घातलं, हेही खरं. त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा राहायला आला आणि "मी घेतो याचा अभ्यास" म्हणाला, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. क्लासची फी वाचणार होती.

मग रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. दुपार झाली की पोट दुखायचं. मी जंताचं औषध दिलं.

२० ऑगस्ट २०२४ चा तो मंगळवार. बदलापूरला शाळेतल्या सफाई कामगाराने दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार केल्याचं उघड झालं होतं आणि लोकांनी रूळ अडवले होते. आमच्या विरार लोकलच्या लेडीज डब्यात तोच विषय. मुलींना ठेवायचं कुठे, विश्वास टाकायचा कुणावर? माझ्या मनात आलं, मला मुलगा आहे, मी सुटले. आज त्या विचाराची लाज वाटते. रात्री टीव्हीवर तीच बातमी चालू होती. पोरगा भात कालवता कालवता म्हणाला, "त्या काकांनीपण दार लावून घेतलं होतं का?"

तिथे गरम का होत होतं, ते मला तेव्हा कळलं.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अहवाल मी नंतर वाचला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केलेला. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांत मुलगे मुलींहून थोडे जास्तच होते. 'मुलगा आहे, त्याला काय होतंय' हे वाक्य कृपा करून घरातून काढून टाका.

त्या रात्री आम्ही आणखी चुका केल्या. "खरं सांगतोयस ना?" असं मी तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा तो गप्प झाला तो झालाच. नवरा मारायला धावला, त्याला पाहून पोरगं घाबरलं, आपल्यामुळेच भांडण झालं असं त्याला वाटलं. सासूबाई म्हणाल्या, बोभाटा होईल. मूल सांगू लागलं की एवढंच म्हणा: "बरं झालं सांगितलंस. तुझी काही चूक नाही." प्रश्नांनी त्याच्या तोंडी शब्द घालू नका. तो म्हणाला तेच, त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवून ठेवा. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्रार दिली. पोलीस ठाण्याची मला भीती होती. पण मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, पोलिसांनी त्या वेळी गणवेशात असायचं नसतं, आई-बाबा जवळ बसू शकतात. आमच्याकडे आलेल्या मॅडम साध्या पंजाबी ड्रेसमध्ये जमिनीवर बसल्या. मुलाची ओळख छापायलाही कायद्याने बंदी आहे, म्हणून इथे एकही नाव नाही. आणि हे प्रकरण आपसात मिटवायचं नसतं. असा गुन्हा कळूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. बदलापूरच्या शाळेच्या विश्वस्तांवर त्यासाठीच गुन्हा दाखल झाला.

मला सगळ्यात जास्त सलतं ते मीच दिलेलं वळण. "मोठ्यांना उलट बोलायचं नाही." मग मोठे सांगतील ते मुलं मुकाट करतात, घरी आणि शाळेतही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या वसईत सहावीतल्या एका मुलीला शाळेत उशिरा आली म्हणून शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला, त्यानंतर आठवड्याभरात ती गेली. शाळेत मारहाणच काय, मानसिक छळालाही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. पण हे पोरांना कोण सांगतं? आता आमच्या घरी पाहुण्यांनी पापी मागितली आणि तो "नको" म्हणाला, तर विषय तिथेच संपतो. मामा रुसला तरी चालेल.

मूल कुणाकडे ठेवणं आपल्याला चुकत नाही. पण न सांगता कधी तरी लवकरची गाडी पकडून जा. अभ्यास उघड्या दारात व्हायला हवा, हे आधीच स्पष्ट सांगा. आणि मूल एखाद्या घरी जायला दोनदा नको म्हणालं, तर कारण पटो न पटो, तिसऱ्यांदा पाठवू नका.

शंका असेल तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक लावा. तो फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, आणि मूल स्वतःही तो करू शकतं. आमच्या फ्रिजवर तो क्रमांक मुलाने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवला आहे.