कडी आतून लाव

शमे, काल फोनवर तू नव्या लॅपटॉपचं कौतुक सांगत होतीस आणि मी नुसती हं हं करत होते. तुला वाटलं असेल, ताईला काही कौतुकच नाही. तसं नाही गं. तुझ्या मागे मुलांचा दंगा चालला होता आणि मला जे सांगायचं होतं, ते दंग्यात सांगण्यासारखं नव्हतं. आता निवांत आहेस ना? मग ऐक.

तू घरबसल्या लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देणार, दुकानदारांचं जीएसटीचं काम घेणार. फार चांगलं. पण त्या लॅपटॉपमध्ये काय काय येऊन पडणार बघ. कोपऱ्यावरच्या वाण्याचं पॅन, समोरच्या काकूंचं आधार, कुणाचं बँकेचं स्टेटमेंट, कुणाच्या पोर्टलचा पासवर्ड. आठवतं, शेजारणी गावाला जाताना आजीकडे दागिन्यांचा डबा ठेवून जायच्या? तेवढे दिवस आजी आपल्या कपाटाचं कुलूप रात्री दोनदा ओढून बघायची. एरवी एकदाही नाही. तुझा लॅपटॉप आता ते कपाट आहे.

आणि मी हे कुठल्या तोंडाने शिकवतेय, तेही सांगते. आजवर घरात फक्त तुझ्या भाओजींना माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन सप्टेंबर, माझ्याकडे दिवाळी अंकाच्या पानांचं काम. पानं लावायच्या सॉफ्टवेअरचे पैसे भरायचे होते. ओळखीतला एक मुलगा म्हणाला, "मावशी, कशाला पैसे घालवता? क्रॅक देतो." त्याने लिंक पाठवली. सोबत सूचना होती : आधी अँटिव्हायरस बंद करा. मी केला. शमे, चोराने सांगावं, 'आधी वॉचमनला चहाला पाठवा', आणि आपण पाठवावं, तसं झालं ते. दोन दिवस सॉफ्टवेअर सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट आणि एकही फाइल उघडेना. स्क्रीनवर एक चिठ्ठी : फाइली हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. याला रॅन्समवेअर म्हणतात, हे मला त्या सकाळी कळलं.

मला वाटलं, जाऊ दे, बॅकअपची डिस्क आहे. ती डिस्क वर्षभर कॉम्प्युटरला जोडलेलीच असायची. सोय म्हणून. तिच्यावरच्या फाइलींनाही तेच शेपूट.

मग मी काय केलं असेन? तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. संपादकांचे फोन उचलले नाहीत. व्हिडिओ बघून बघून स्वतःच खटपट करत बसले, आणि त्या खटपटीत जे थोडंफार वाचलं असतं तेही घालवलं. चौथ्या दिवशी रडतच संपादकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "बाई, माझ्याकडे पेन्सिलीने तपासलेली छापील प्रुफं आहेत. बसा टाइप करायला." अकरा रात्री बसलो. अंक निघाला. पैसे मी भरले नाहीत, कारण भरल्यावर फाइली मिळतीलच याची हमी काय? आईच्या पंच्याहत्तरीचे फोटो पाठव, पाठव म्हणून तू दर वेळी मागे लागतेस आणि मी टाळते. ते त्यातच गेले, शमे.

तेव्हा पहिली गोष्ट. ज्या सॉफ्टवेअरचे पैसे पडतात ते कुणी फुकट देऊ लागला की कशाच्या बदल्यात, हे विचार. माझ्यावेळी निदान गाजावाजा झाला. काही प्रकार तर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या खुणा गुपचूप उचलून पाठवतात आणि कॉम्प्युटर मजेत चालत राहतो. पैसे नसतील तर लिब्रेऑफिससारखं खरोखरच मोफत असलेलं घे, त्याच्याच साइटवरून. आणि विंडोजमधला डिफेंडर चालू ठेवलास तर घरच्या कामाला पुरतो. मात्र कुणीही सांगितलं तरी तो बंद करायचा नाही.

दुसरं, ते अपडेट. 'नंतर आठवण करा' हे बटण तुझं लाडकं आहे, मला माहीत आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर असेच कुलूपबंद केले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने ते दारात पडून होतं, लोकांनी आत घेतलं नाही. तेव्हा रात्री जेवणं उरकताना रीस्टार्ट लावून दे. आणि मुलांच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे ना? त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर लोकांची कागदपत्रं नकोत.

तुझ्या नव्या लॅपटॉपवरही मुलांना वेगळं खातं काढून दे, साधं, अ‍ॅडमिन अधिकार नसलेलं. म्हणजे गेमच्या नावाखाली काही आत घेताना तुझा पासवर्ड मागितला जाईल. उठताना विंडोजची कळ आणि एल दाबायची, स्क्रीन कुलूपबंद. एवढंच.

आता पासवर्ड. तुझा अजून तोच आहे ना, धाकट्याचं नाव आणि जन्मसाल? आणि तोच दहा ठिकाणी? कुठल्या तरी साडीच्या दुकानाच्या साइटवरून यादी फुटते. चोर तुझा पासवर्ड ओळखत बसत नाही, ती यादी घेऊन तीच जोडी ई-मेलला लावून बघतो, मग बँकेला. हे काम यंत्रं करतात, त्यांना कंटाळा येत नाही. म्हणून प्रत्येक दाराला वेगळी किल्ली. एवढ्या लक्षात कशा राहणार? राहणारच नाहीत, ठेवायच्याही नाहीत. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर मिळतो. त्याला एकच लांबलचक पासवर्ड द्यायचा, एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा. अगदीच नको वाटलं तर वहीत लिही आणि वही कपाटात ठेव. हसू नकोस. सात समुद्रापलीकडच्या चोराला तुझं कपाट उघडता येत नाही. लॅपटॉपला चिकटवलेली चिठ्ठी मात्र दुरुस्तीवाल्या पोरालाही वाचता येते.

सगळ्यांत जपायचं ते ई-मेल. 'पासवर्ड विसरलात?' म्हटलं की नवी किल्ली येते कुठे? ई-मेलवर. म्हणजे ज्याच्या हाती तुझं ई-मेल, त्याच्या हाती किल्ल्यांचा अख्खा जुडगा. त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लाव. पासवर्ड चोरीला गेला तरी दुसरा आकडा तुझ्या मोबाइलवरच मिळेल. शक्य असेल तिथे तो एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर घे, कारण तुझ्या नावाने दुसरं सिम काढून एसएमएस वळवणारे लोक आहेत. मोबाइल हरवला तर म्हणून मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरव आणि त्याच वहीत घाल.

तुझ्या कामात तुला सारख्या मेल येणार : 'परतावा मंजूर', 'नोटीस आली आहे, आजच उत्तर द्या'. लिंकवर बोट जायच्या आधी पत्ता वाचायला शीक. इंटरनेटचा पत्ता आपल्या नावासारखा असतो, आडनाव शेवटी. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्यापुढच्या दोन तिरप्या रेघा सोडून दे. मग पहिली एकटी तिरपी रेघ येईपर्यंत वाच. तिच्या लगेच अलीकडे जे आहे ते आडनाव. आयकराच्या पोर्टलचं आडनाव जीओव्ही डॉट इन. आता कुणी पत्त्याच्या सुरुवातीला 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' असं सगळं लिहिलं आणि शेवटी भलतंच नाव लावून डॉट कॉम केलं, तर ते घराणंच वेगळं. बाजूच्या कुलपाच्या चित्रावर जाऊ नकोस. वाटेत कुणी डोकावत नाही एवढंच ते सांगतं, पलीकडचा सज्जन आहे असं नाही. खरं तर लिंक दाबूच नकोस. पोर्टल स्वतः उघड, नोटीस असेल तर तिथे दिसेलच.

मेलसोबत आलेल्या फाइलींचंही तसंच. विंडोज फाइलचं शेपूट मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ' दिसणारी फाइल आतून 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असू शकते, म्हणजे बिल नव्हे, प्रोग्राम. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन शेपटं दाखवायला सांग. एकदाच करायचं काम आहे.

आणि घाबरवणारे. महावितरणच्या नावाने 'आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा' असे मेसेज फिरले होते, आठवतंय? कॉम्प्युटरवर तसंच असतं. एकदम भोंगा वाजतो, स्क्रीन लाल होते, 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा'. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. आल्ट आणि एफ४ दाब, नाही गेलं तर पॉवरचं बटण दाबून धर. फोन केलास तर गोड आवाजातला माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर घ्यायला सांगेल. ही सॉफ्टवेअर वाईट नाहीत, पण त्यांचा आकडा दिलास की माउस त्याच्या हातात.

आता बॅकअप, कारण मी इथेच मेले. नियम साधा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आणि माझी भर : एक प्रत तारेपासून सुटी. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचं संकट मर्स्क या जहाज कंपनीवर आलं. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. कंपनीच्या जाळ्याचा सगळा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता, ते जगभर एकाच वेळी पुसले गेले. एक वाचला, आफ्रिकेतल्या घानामधला. का? त्या वेळी तिथली वीज गेली होती! त्याची डिस्क माणसांनी हातोहात नायजेरियामार्गे इंग्लंडला नेली आणि तिच्यावरून कंपनी पुन्हा उभी राहिली. वीज गेली की आपण बोटं मोडतो, त्यांना ती पावली. तू मात्र विजेच्या भरवशावर राहू नकोस. दर शनिवारी डिस्क जोड, प्रत घे, काढून कपाटात ठेव. ऑनलाइन ड्राइव्हवर आपोआप चढतं, ते चांगलंच, पण इकडची बिघडलेली फाइलही तिकडे आपोआपच चढते. मग जुनी आवृत्ती मिळाली तर नशीब.

लॅपटॉप एसटीत विसरलीस तर? नुसता विंडोजचा पासवर्ड पुरत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की सगळं वाचता येतं. म्हणून सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का बघ. त्याची रिकव्हरी की कागदावर, वहीत. ती हरवलीस तर तुलाही उघडता येणार नाही, हेही सांगून ठेवते.

आणि काम झालं की लोकांचे कागद साठवत बसू नकोस. ठेवायलाच हवेत तेवढेच ठेव. नुसती ओळख पटवायची असेल तिथे मास्क्ड आधार माग, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जे ठेवलंच नाही, ते चोरीला जात नाही.

एवढं करूनही कधी काही झालं, तर आधी वाय-फाय बंद. मग दुसऱ्या मोबाइलवरून ई-मेलचा पासवर्ड बदल आणि 'सगळीकडून लॉगआउट' कर. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला बँक आणि १९३० हा क्रमांक. जितक्या लवकर कळवशील तितकी ते वाटेत अडवण्याची आशा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर. फाइली अडकल्या असतील तर त्या पुसू नकोस. 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट आहे, युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये इतरांसह सुरू केलेली. काही प्रकारांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. माझ्या कुलपाची नव्हती, तुझ्या कुलपाची असेल. आणि ज्यांचे कागद होते त्यांना स्वतः फोन करून सांग. ठेव त्यांची आहे, त्यांना कळायला हवं.

मी रविवारी येतेच आहे, बाकीचं मिळून करू. पण आज झोपण्याआधी ई-मेलची ती दोन टप्प्यांची पडताळणी तेवढी लावून टाक, दहा मिनिटांचं काम आहे. आणि काही विचित्र दिसलं तर रात्री दोन वाजता का होईना, मला फोन कर. लाजून तीन दिवस गप्प बसू नकोस. मी बसले होते.